टोपलीत न पडलेला मोबाइल

भंडाऱ्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्राच्या उखळकर सरांचा दराराच तसा होता. त्यांच्या तासाला सगळ्यांचे मोबाइल टेबलावरच्या टोपलीत जमा व्हायचे. "हातात मोबाइल आला की कान गेलेच म्हणून समजा!" असं ते गरजायचे.

एकदा नव्यानेच आलेल्या रोशनी टेंभुर्णेच्या बाकावर त्यांना मोबाइल दिसला. सर भडकले. "आत्ता मी काय शिकवलं ते सांग. नाही जमलं तर वर्गाबाहेर!"

रोशनीने मोबाइलकडे पाहिलं आणि ती नम्रपणे म्हणाली, "आधी ज्यांचे मोबाइल टोपलीत आहेत, त्यांना विचारा ना सर."

सरांनी तिघांना उठवलं. तिघेही पंख्याकडे बघत राहिले.

मग रोशनीने सरांचं वाक्य न् वाक्य वाचून दाखवलं. त्यांचं बोलणं तिच्या मोबाइलवर अक्षरांत उमटत होतं.

"सर, सातवीत तापात माझं ऐकणं गेलं. तुम्ही फळ्याकडे वळलात की मला ओठही दिसत नाहीत. टोपलीत सगळ्यांनी मोबाइल टाकले, माझे मात्र तुम्ही कान मागताय."

दुसऱ्या दिवसापासून टोपलीत खडू असतात. आणि शिकवायला लागण्याआधी सर तिच्याकडे तोंड करून विचारतात, "उमटतंय ना नीट?"