दोनशे मोटारी आणि सहा बस

मोरेवस्तीची बस बंद करून तिची मार्गिका मोटारींना द्यायचं नगरपालिकेनं ठरवलं आणि हरकती ऐकायला सभा बोलावली. लग्नकार्यात स्वयंपाक करणाऱ्या कुमुदिनीबाई सकाळपासून बेचैन होत्या. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला त्या याच बसनं नेत. रिक्षा त्यांना परवडणारी नव्हती.

मुख्य अभियंता दिघेसाहेब म्हणाले, "चौकात तासभर मोजणी केली. दोनशे मोटारी गेल्या, बस फक्त सहा. उद्याचं शहर मोटारींचं आहे. सहा बससाठी रस्ता अडवून ठेवायचा का?"

कुमुदिनीबाई उठल्या.

"साहेब, तुमच्या मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक मीच केला. किती जणांचा सांगितला होतात?"

"पाचशे पानांचा."

"पंगती पाचच उठल्या. मी पानं सोडून पंगती मोजल्या असत्या आणि पाच जणांपुरता भात टाकला असता, तर वऱ्हाडी तुम्हाला काय म्हणाले असते?"

सभेत खसखस पिकली. साहेबांनी मोजणीच्या कारकुनाकडे पाहिलं. "मोटारीत माणसं किती होती?"

"बहुतेकांत एकच, साहेब."

"आणि बसमध्ये?"

"उभे धरून साठेक."

साहेबांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि ठरावाचा कागद बाजूला सारला. "मोजणी पुन्हा करा. माणसांची."

कुमुदिनीबाई अजून उभ्याच होत्या. "आणि तोवर, साहेब? उद्या सकाळची बस?"

"येईल."

मग त्या खाली बसल्या.