मांडवाबाहेरचा हात

एका राजाने गोरगरिबांना राहायला घरं दिली, आणि ती दिवाण त्र्यंबकपंतांच्या डोळ्यांत खुपू लागली. ऐन वैशाखात दरबारी मांडवात सभा भरली. दिवाण गरजले, "फुकटच्या छपराखाली माणूस आळशी होतो! दोन वर्षं झाली की घर रिकामं करायचं. पटतंय त्यांनी हात वर करा!"

गार सावलीत भराभर हात वर झाले.

टोपल्या विणणारी गोजराबाई अशाच एका घरात राहत होती. तिची दोन वर्षं भरत आली होती. पदर खोचून ती उठली.

"महाराज, हा मांडवही सरकारचाच. याच्याखाली बसून छपराचा निवाडा कसला करताय? हात वर करायचा तर बाहेर उन्हात करा."

राजाला ते पटलं. पण हात वर करणारे बाकीचे जागचे हलले नाहीत. दिवाण मात्र इरेला पेटून बाहेर गेले आणि हात उंचावून उभे राहिले. थोड्याच वेळात घाम निथळला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि उंचावलेला हात डोक्यावर आडवा झाला.

"पाहा महाराज, हात अजून वरच आहे!" दिवाण ओरडले.

"आहे की," गोजराबाई म्हणाली, "पण छप्पर म्हणून!"

राजासकट सगळी सभा खदखदून हसली. घरं ज्याची त्याच्याकडेच राहिली. गोजराबाईने सरकून जागा केली.

"या दिवाणजी, बसा सावलीत. किती दिवस बसणार, ते आम्ही नाही विचारणार."