भिंत नसलेली नर्तकी

फार पूर्वी, नेमकं किती पूर्वी ते विचारू नका, सांगणाऱ्यालाही आता मोजायचा कंटाळा येतो, एका गावात एक म्हातारा चितारी राहत असे. त्या गावात काळ्या दगडाचं जुनं देऊळ होतं आणि देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर नर्तकी कोरलेल्या होत्या. एक पाय उचललेला, कंबर वळलेली, ओठांवर हसू. शेकडो वर्षं त्या तशाच नाचत होत्या.

देवळाच्या कारभाऱ्यांना सभामंडपात लावायला त्यांतल्याच एका नर्तकीचं मोठं चित्र हवं होतं, तेही उत्सवाच्या आत. चितारी जन्मभर पालख्या, पाळणे आणि लग्नाचे पाट रंगवून थकला होता. नजर मंदावली होती. हे शेवटचं काम सभामंडपात लागलं, तर आपल्यामागे एवढं तरी राहील, इतकीच त्याची इच्छा उरली होती.

रोज सकाळी तो भिंतीसमोर बसून मापं घ्यायचा आणि कापडावर उतरवायचा. दागिना न् दागिना जुळला, बोटंसुद्धा जुळली. पण बघणारा प्रत्येक जण एकच म्हणे, ही बाई आता पडणार. चितारीने तीनदा पुसलं, तीनदा काढलं. तिन्ही वेळा ती पडायच्या बेतातच दिसली.

शेवटी त्याने गावातल्या नर्तकीला आपल्या घरी बोलावलं. तिचंही वय उताराला लागलं होतं. सकाळी मुलींना नाच शिकवायचा, संध्याकाळी देवापुढे स्वतः नाचायचं, असं तिचं वर्षानुवर्षं चाललं होतं. चितारीने तिला दगडी नर्तकीसारखं उभं केलं. थोड्याच वेळात तिचा पाय लटपटू लागला. बसू का, असं तिने विचारलं, तर त्याने नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिचा घोटा सुजला.

चौथ्या दिवशी, उत्सव अगदी उद्यावर आलेला असताना, तिने उचललेला पाय खाली टेकला आणि चितारी वैतागला.

"बाई, ती दगडाची नर्तकी सातशे वर्षं एका पायावर उभी आहे. तुम्हाला घटकाभर उभं राहवत नाही?"

नर्तकी रागावली नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो. ती म्हणाली, "चितारीदादा, तिला मागून भिंतीने धरलंय. मला कोण धरतंय?"

आणि ती तिथेच जमिनीवर बसली, एक पाय पसरून, घोटा दाबत.

चितारी उठून देवळाकडे गेला. त्याने दगडी नर्तकीवर हात फिरवून पाहिला. तिची पाठ, कंबर, उचललेला पायसुद्धा भिंतीलाच चिकटलेला होता. स्वतःचा भार तिने कधी पेललाच नव्हता. इतकी वर्षं बघत असून एवढी साधी गोष्ट लक्षात आली नाही, याची त्याला लाज वाटली.

चित्र वाचवायला सोपा उपाय होता. नर्तकीमागे एक खांब रंगवला की झालं. कारभारी खूश, चित्र सभामंडपात. घरी येऊन त्याने खांबासाठी रंगही कालवला. पण समोर पाहतो तर नर्तकी अजून तशीच बसलेली, डोळे मिटून. तिला विसावलेली बघून त्यालाच बरं वाटलं. त्याने जुनं चित्र पुसलं आणि तिला होती तशी काढायला घेतलं. घुंगरांचे वळ, सुजलेला घोटा, सगळं. दिवस मावळेपर्यंत तो जागचा हलला नाही.

उत्सवाच्या सकाळी कारभाऱ्यांनी चित्र पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. आम्ही नाचणारी मागितली, ही तर बसली आहे, म्हणाले. सभामंडपाची भिंत रिकामी राहिली. चित्र मागच्या पडवीत, जिथे देवळाची भांडी घासतात, तिथे टांगलं गेलं. चितारीला फार वाईट वाटलं. पण वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. तो तिथेच कोपऱ्यात टेकला.

दुपारी भांडी घासणारी म्हातारी पातेलं घेऊन आली. शेवटची पंगत उठेपर्यंत कामकऱ्यांनी बसून विसावा घ्यायचा नाही, अशी त्या देवळाची रीत होती. तीस वर्षं तिने ती पाळली होती. ती चित्रासमोर थांबली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे देवळातच लावलंय ना?" तिने विचारलं.

"हो, बाई," कोपऱ्यातून चितारी म्हणाला.

"मग देवाला चालतंय तर," असं म्हणत तिने पातेलं खाली ठेवलं आणि एक पाय पसरून ती चित्राखाली बसली. तिला उठवायला कोणी आलं नाही.

लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी पाळावं असं याचं तात्पर्य: ज्याला मागून आधार आहे, त्याचं माप आधार नसलेल्याला लावू नये, आणि थकलेलं माणूस दिसलं, तर आधी त्याला बसू द्यावं.