झिबल नावाड्यानं डोंगा ओढून ठेवला तो पौष

आपल्या आज्यांच्या आज्या लहान होत्या, तेव्हाची ही गोष्ट. वैनगंगेवर पूल नव्हता. टेंभरघाटावर झिबल नावाडी डोंगा चालवायचा.

एका पौषात पलीकडच्या गावांत खोकल्याचा ताप आला. आधी नाक वाहायचं, मग छाती भरायची, आणि माणूस धापा टाकत संपायचा. झिबलनं एका खोकणाऱ्या कासाराला अलीकडे आणलं. तो ज्या घरी उतरला, ते घर आठवडाभरात रिकामं झालं. त्या घरचं शेवटचं मढं पोचवून झिबल घाटावर आला आणि त्यानं डोंगा वाळूवर ओढला.

"ताप काही पाण्यावरून चालत येत नाही," तो म्हणाला, "माह्याच डोंग्यातून येते."

गावातलं मीठ संपलं. लोकांनी शिव्या दिल्या. पलीकडून कोणाचा भाऊ, कोणाचा जावई हाका मारमारून परत गेला. झिबल हलला नाही.

मग एका सकाळी पलीकडे सारजा येऊन उभी राहिली. झिबलची एकुलती लेक, तिकडेच दिलेली.

"बा, घरचे सगळे गेले! मी एकटीच उरली. डोंगा आन न गा!"

आणि ती खोकली. तो खोकला अलीकडे सगळ्यांनी ऐकला. तरी लोकच म्हणाले, "घेऊन ये बापा तिले. आम्ही काही म्हणत नाही."

"तुमच्या माणसाईले नाही आनलं. तिले कोन्या तोंडानं आनू? अन् मी तिकडे गेलो, तर तिकडले लोक डोंगा घेऊन इकडे येतीन."

त्यानं गरम पेजेचं मडकं सुक्या भोपळ्यांना बांधून पाण्यात सोडलं. असं म्हणतात, नदी तेवढ्यापुरती आडवी वाहिली आणि मडकं सारजाच्या पायाशी लागलं. रोज एक मडकं जाई, रोज ती हात वर करी.

एक दिवस हात वर झाला नाही.

झिबल पाण्याच्या कडेला बसून राहिला. असं म्हणतात, त्याच्या भोवतीचं धुकं दुपारीही उठत नसे. पौष सरला, ताप ओसरला, तेव्हा तो पलीकडे गेला आणि त्यानं लेकीला माती दिली. मग डोंगा तेवढा परत आला, धारेला आडवा, रिकामा. झिबल पुन्हा कोणाला दिसला नाही.

कासार उतरला त्या घरानंतर टेंभरघाटात तापानं कोणी मेलं नाही. पण याचा आनंद कोणाला करता आला नाही.

आजही तिथं थंडीत ज्याला खोकला लागतो, तो झिबलचं नाव घेऊन घरात बसतो, कोणाच्या दारी जात नाही. पौषात कोणी लेकीला माहेरी बोलावत नाही. पौष संपला की बाप स्वतः आणायला निघतात. आता पूल आहे. पुलावरून जाताना ते बोलत नाहीत, आणि लेक दारात दिसेपर्यंत त्यांच्या जिवात जीव नसतो.