काळविटाचं घड्याळ

माळावर अजून हरणांचे कळप होते तेव्हाची ही गोष्ट. एका तरुण काळविटाला धावण्याचं घड्याळ घ्यायचं होतं. दुकानदार कावळ्याने दोन घड्याळं पुढे ठेवली. एक फक्त अंतर मोजायचं. दुसरं धावणाऱ्याची रोजची वाट साऱ्या रानाला दाखवायचं.

"साधंच घे रे बाळा," आई म्हणाली.

"मग मी किती धावतो ते कुणाला कळणार?" असं म्हणून काळविटाने दुसरं बांधलं.

महिनाभर रानाने त्याचं कौतुक केलं. लांडगाही ती वाट रोज निरखून पाहत होता. एके सकाळी तो ओढ्याच्या वळणावर आधीच जाऊन दबा धरून बसला.

त्या दिवशी काळविटाच्या वाटेची रेघ वळणाशीच थांबली.

"आज अर्ध्यातच दमला वाटतं!" कळप हसला.

आई मात्र ती रेघ पाहताच ओढ्याकडे धावत सुटली.