काचेचं मशीन आणि गवंडेबाई

सांगलीच्या दादासाहेब आरवाड्यांना दुकानातल्या नव्या स्वाइप मशीनचा भारी तोरा. नुसती गुळगुळीत काच, एक बटण नाही! गवंडेबाई अंध. इरकल साडी निवडून त्यांनी कार्ड पुढे केलं, तेव्हा दादासाहेब म्हणाले, "तुम्हाला जमायचं नाही. पिन सांगा, मी दाबतो. विश्वास ठेवा."

मागची रांग कान टवकारून उभी.

"बरं," म्हणत बाईंनी साडी काखोटीला मारली आणि दाराकडे निघाल्या.

"अहो, पैसे?"

"घरून पाठवते. विश्वास ठेवा."

"असं कसं? मी तुम्हाला ओळखत नाही!"

"मग मी तरी तुम्हाला कुठे ओळखते?"

रांग खो खो हसली. दादासाहेबांनी खणातलं जुनं बटणांचं मशीन काढलं. पाचच्या बटणावरचा उंचवटा बोटाला लागताच बाकीचे आकडे कुठे ते बाईंना कळलं, आणि त्या म्हणाल्या, "आता तोंड तिकडे करा."