दवंडी आणि गेनूचं मत

ओढ्याकाठच्या एका गावात एक भोळा गडी राहायचा. नाव गेनू. घरात तो, त्याची बायको भागा आणि चांदी नावाची म्हैस. चांदीच्या कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद होता आणि डावं शिंग मोडकं. भागानं ती माहेराहून आणली होती. तिच्याच दुधावर घर चालायचं, आणि खरं सांगायचं तर घरातलं सगळ्यात शहाणं जनावर तेच होतं.

त्या गावात बातमी म्हणजे रावजीची दवंडी. हलगी वाजली की गेनू हातातलं काम टाकून ऐकायचा आणि मान डोलवायचा. एकदा एका औषधवाल्यानं रावजीला चहा पाजून दवंडी पिटवली, की या पुडीनं म्हैस दुप्पट दूध देते. गेनूनं पुडी चारली. चांदी चार दिवस आटली.

शाळेचे शिर्के मास्तर हळहळले. "गेनू, अरे, रावजीची हलगी वाजली म्हणून लगेच मान डोलवायची नसते. माणसाला स्वतःचं मत पाहिजे."

"ते कुठं मिळतं?" गेनूनं विचारलं.

"मिळत नाही. बनवावं लागतं."

गेनू घरी आला. रात्रभर विचार केला. मान डोलवायची नाही म्हणजे मग काय करायचं? तर नाही म्हणत मान हलवायची. झालं, मत बनलं.

दुसऱ्याच दिवशी हलगी वाजली. "ऐका हो ऐका. विहिरीत औषध टाकलंय. दोन दिवस पाणी पिऊ नका."

गेनूनं मान हलवली. पोहरा सोडला, तांब्या भरला आणि सगळ्यांदेखत गटागटा प्याला. पुढचे तीन दिवस तो घरात कमी आणि ओढ्याकडे जास्त होता.

भागा म्हणाली, "अहो, असं काही करायच्या आधी चार माणसांना विचारावं."

"विचारीन," गेनू म्हणाला.

पुढची दवंडी आली, की यंदा सणामुळं बाजार सोमवारी नाही, मंगळवारी भरणार. गेनूनं मान हलवली, पण शब्द दिला होता म्हणून चार माणसांना विचारलं. चौघंही म्हणाले, मंगळवारी.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रावजीनं."

"मग तुम्ही चार कुठले? तुम्ही एकटा रावजीच," असं म्हणून गेनू सोमवारी वांग्यांची पाटी घेऊन बाजारात गेला. मैदानात तो, वांगी आणि दोन कुत्री. संध्याकाळी सुकलेली वांगी घेऊन परत आला तरी खूश. म्हणाला, "गर्दी अजिबात नव्हती."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "गेनू, आधी आपल्या डोळ्यांनी बघावं. मग बोलावं."

"बघीन," गेनू म्हणाला.

तिसरी दवंडी आली. "पाटलाचा बैल मारका झालाय हो. मागच्या गल्लीत कुणी जाऊ नका." गाव घरात बसलं. गेनू डोळ्यांनी बघायला गेला. बैलानं त्याला उचलून उकिरड्यावर टाकलं. लोक धावले, म्हणाले, "पटलं का आता?"

"एकदा मारलं म्हणून लगेच मारका कसा म्हणायचा," गेनू उकिरड्यावरून म्हणाला. "त्याच्या मनात आज काही असेल." आणि खात्री करायला परत गेला. दुसऱ्यांदा उकिरडाही वाट्याला आला नाही, काटेरी कुंपण आलं.

इथवर ठीक होतं. अंग गेनूचं, ठेचा गेनूच्या. पण एके दिवशी दावं तोडून चांदी हरवली. भागाच्या घशाखाली घास उतरेना. गेनूनं सगळं शिवार पालथं घातलं. संध्याकाळी हलगी वाजली. "ऐका हो ऐका. गेनूची म्हैस सापडली. कपाळाला चांद, डावं शिंग मोडकं. कोंडवाड्यात बांधलीय. तीन दिवसांत न्या, नाहीतर लिलाव."

भागा तशीच पळाली. पण त्या गावची एक रीत होती. पूर्वी कुणीतरी कुणाचा तरी बैल नेला होता, तेव्हापासून घरधन्यानंच यायचं, जनावराच्या कपाळावर हात ठेवायचा आणि पंचांसमोर 'माझं' म्हणायचं. बायको, भाऊ, मेहुणा कुणी चालत नसे.

भागानं गेनूला ओढत आणलं. गेनूनं चांदीला सगळीकडून बघितलं. चांदीनं त्याचा हात चाटला.

"चांद आहे," गेनू म्हणाला. "शिंगही मोडकं आहे. पण हे तर सगळं रावजीनं आधीच सांगितलंय. मग ही माझी कशी असेल?"

"अरे, सगळं गाव म्हणतंय तुझी आहे," पंच म्हणाले.

"सगळं गाव म्हणतंय म्हणून मी म्हणू? मला माझं मत आहे." आणि चांदीला शोधायला तो पुन्हा शिवारात गेला.

दोन दिवस असेच गेले. दुसऱ्या संध्याकाळी भागा चुलीपुढं बसून रडली. "माझ्या बापानं दिलेली म्हैस हो ती. उद्या लिलाव आहे. तुम्हाला माझी शपथ, उद्या रावजी जे म्हणेल ते ऐकायचं. मान हलवायची नाही."

बायकोच्या डोळ्यांतलं पाणी बघून गेनूला गलबलून आलं. त्यानं शपथ घेतली.

इकडं मास्तरांनाही चैन नव्हतं. त्यांनी रावजीला गाठलं. "हा गेन्या तुझ्या उलटंच करतो ना? मग उद्या उलटीच दवंडी दे."

भागाचं मास्तरांना ठाऊक नाही, मास्तरांचं भागाला ठाऊक नाही.

सकाळी भागा चांदी घरी येणार म्हणून गवत कापायला गेली, आणि हलगी वाजली. "ऐका हो ऐका. कोंडवाड्यातली म्हैस गेनूची नाही हो, नाही."

कोंडवाड्यासमोर गाव जमलं. मास्तर मिशीत हसत उभे. पंचांनी विचारलं, "बोल गेनू, काय म्हणणं?"

गेनूनं चांदीच्या कपाळावर हात ठेवला. शपथ आठवली. भलीमोठी मान डोलवली. "रावजी म्हणतो तेच खरं. माझी नाही."

मास्तरांचं हसू मिशीतच राहिलं. त्यांनी तोंड उघडलं, पण रीत म्हणजे रीत. घरधन्याचा हात कपाळावर आणि शब्द तोंडाबाहेर. लिलावात परगावच्या एका दलालानं चांदी घेतली. ती जागची हलेना, तेव्हा गेनूनंच पुढं होऊन दावं धरलं आणि तिला वेशीपर्यंत पोचवली. वर दलालाला सांगितलं, "सकाळी आधी पेंड घाला, मग धार काढा. आमची पण अशीच होती."

वेशीबाहेर चांदी थांबली. मान वळवली आणि गेनूकडे बघून हंबरली.

"बिचारी," गेनू म्हणाला. "मालक दिसला वाटतं तिला." आणि कोण आहे ते बघायला मागं वळला.

मागं भागा उभी होती. डोक्यावर हिरव्या गवताचा भारा, धाप लागलेली.

गेनूनं तिच्याकडे बघितलं, लांब जाणाऱ्या म्हशीकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता मत बनवलं.

"अगं," तो म्हणाला, "तुझी होती होय?"